शब्द नसलेला गोंगाट शांत कसा करतो?

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण कधी विचारत नाही, की बाबा, या वादनाचा अर्थ काय? त्यात शब्द नसतात आणि सूरही जवळजवळ नसतो. ढोलाचा ठोका थेट छातीत लागतो, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं. तरीही त्या गर्दीतून बाहेर पडणारा माणूस बहुधा हलका होऊन बाहेर पडतो. याच माणसाच्या घरात विशीतला मुलगा दार लावून इलेक्ट्रिक गिटारचं मेटल संगीत ऐकत बसला, की हाक येते, "बंद कर तो गोंगाट, डोकं फिरेल!" मुलगा अर्ध्या तासाने बाहेर येतो आणि शांतपणे जेवायला बसतो. डोकं फिरलेलं असतं ते बाकीच्यांचं.

त्या मुलाच्या आयुष्यात नुकतंच काही वाईट घडलेलं असेल, तर कोडं आणखी अवघड होतं. दुःखात माणसाने बासरी ऐकावी, भजन ऐकावं, निदान हळू आवाजात काही ऐकावं, असं आपण धरून चालतो. मग अपघातातून वाचलेला किंवा जवळचं माणूस गमावलेला कुणी नेमकं सगळ्यांत कर्कश संगीत का निवडतो? आणि त्यातही गायक नसलेलं, नुसत्या वाद्यांचं मेटल?

लोणावळा आणि मावळात हा प्रश्न परका नाही. बोर घाट, द्रुतगती मार्ग, पावसाळी धबधबे आणि धरणं यांनी या भागाला पर्यटक दिले, तसे अपघातही दिले. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण पाण्यात वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. बातमी चार दिवसांत जुनी होते. काठावरून पाहणाऱ्यांच्या, वाचलेल्यांच्या आणि दोर घेऊन पाण्यात उतरणाऱ्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या बचाव पथकांतल्या कार्यकर्त्यांच्या अंगात ती बरीच जास्त काळ राहू शकते. अशा माणसांना काय ऐकून बरं वाटावं, हे ठरवणारे आपण कोण? पण ते का बरं वाटतं, हे समजून घेता येतं.

कापलेल्या बोटांतून आलेला आवाज

मेटलची सुरुवातच एका दुखापतीपाशी आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९६५ साली १७ वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं जवळपास निकामी झाल्यावरही गिटार वाजवणारा हा कलाकार. आयोमीने मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या, म्हणजे दाबताना कमी दुखेल.

तार सैल केली की स्वर खाली उतरतो. आयोमीच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडच्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बममध्ये हा उतरलेला, जड आवाज स्पष्ट ऐकू येतो. गिटारची सगळ्यांत जाड तार नेहमीच्या मिळवणीत सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. तिथे ती ६९ च्या आसपास आली. पुढे आठ तारांच्या गिटारींनी हा आकडा ४६ पर्यंत खाली नेला. दुखऱ्या बोटांसाठी काढलेला मार्ग एका संपूर्ण संगीतप्रकाराची ओळख बनला. ही गोष्ट मला 'कलेने जखम भरते' वगैरे सुभाषितांपेक्षा जास्त पटते, कारण इथे जखम भरली नाहीच. तिला सांभाळून वाजवायची पद्धत सापडली.

षड्ज, पंचम आणि फाटलेला आवाज

आता त्या आवाजाच्या आत जाऊ. गिटारचा विद्युत संकेत अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका वाढवला, की लहरीचे गोल माथे कापले जातात. गोल लहर चपट्या माथ्याची झाली, की तिच्यात मूळ स्वराच्या पटीतले अनेक नवे स्वर तयार होतात. कानाला आवाज फाटल्यासारखा लागतो. याला डिस्टॉर्शन म्हणतात. अशा फाटलेल्या आवाजात तीन-चार वेगवेगळे स्वर एकत्र छेडले तर नुसता चिखल होतो. म्हणून मेटलचे गिटारवादक बहुतेक वेळा दोनच स्वर वाजवतात: मूळ स्वर आणि त्याचा पंचम. आपल्या तानपुऱ्यावर असते तीच सा-प जोडी! तिकडे तिला पॉवर कॉर्ड म्हणतात.

या जोडीची एक गंमत आहे. ८२ आणि सुमारे १२३ कंपनांचे दोन स्वर डिस्टॉर्शनमधून गेले, की त्यांच्या फरकाइतका, म्हणजे ४१ कंपनांचा तिसरा स्वर आपोआप उमटतो. हा नेमका खालच्या सप्तकातला षड्ज. कुणी न वाजवलेला खर्ज तळाशी घुमू लागतो आणि 'भिंतीएवढा' वाटणारा आवाज तयार होतो.

इतका मोठा आणि खालचा आवाज आपण फक्त कानाने ऐकत नाही. कानाच्या आतच शरीराचा तोल सांभाळणारा एक अवयव असतो. मँचेस्टर विद्यापीठातल्या नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी २००० साली दाखवलं, की साधारण ९० डेसिबलच्या वरचे दणकट, खालचे आवाज या तोलाच्या अवयवालाही चाळवतात. झोका घेताना जो अवयव जागा होतो, तोच. ढोल पथकासमोर पाय आपोआप का हलतात, याचा एक धागा इथे असावा.

दुसरा धागा भीतीचा आहे. माणसाची किंकाळी ऐकताच अंगावर काटा येतो, तो तिच्यातल्या खरखरीमुळे. त्या आवाजाचा जोर सेकंदाला ३० ते १५० वेळा वरखाली होत असतो. २०१५ साली लुक आर्नाल आणि डेव्हिड पोपेल यांच्या गटाने मोजून दाखवलं, की ही खरखर मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या बदामाएवढ्या भागाला जागं करते. सायरनमध्येही तीच खरखर असते. फाटलेली गिटार याच पट्ट्याच्या आसपास खेळते. थोडक्यात, घरातल्यांना 'डोकं फिरेल' असं वाटतं त्यात चूक काही नाही. हा आवाज धोक्याच्या आवाजाचा नातलगच आहे.

मग धोक्यातून आलेल्या माणसाला तो हवासा का वाटावा?

कुकरची शिट्टी

याचं सर्वांना माहीत असलेलं उत्तर कुकरचं आहे. आत वाफ कोंडली आहे, शिट्टी होऊ दिली की दाब उतरतो. मेटल म्हणजे शिट्टी. हे उत्तर इतकं सोयीचं आहे, की मेटल ऐकणारेही ते देतात.

पण प्रयोगात ते टिकत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली चिडवलेल्या विद्यार्थ्यांना बॉक्सिंगची पिशवी बडवायला दिली. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत जे बडवत होते, ते आणखी चिडले. काही न करता दोन मिनिटं बसून राहिलेले सगळ्यांत कमी चिडलेले निघाले. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी क्यारविक यांनी असे १५४ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासले. शरीराची खळबळ कमी करणारे उपाय राग उतरवतात आणि ती वाढवणारे साधारणपणे उतरवत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. राग म्हणजे वाफ नव्हे. तो साठत नाही आणि सांडून संपतही नाही.

मग मेटल ऐकून राग वाढायला हवा. तोही वाढत नाही! ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात लिआ शार्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी २०१५ साली मेटल आणि तत्सम संगीताच्या ३९ चाहत्यांना बोलावलं, वय १८ ते ३४. आधी १६ मिनिटं त्यांना चीड आणणाऱ्या प्रसंगांबद्दल बोलतं केलं. मग निम्म्यांनी दहा मिनिटं स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकलं, निम्मे शांत बसले. दोन्ही गटांत वैरभाव आणि ताण सारखाच उतरला. फरक पडला तो दुसरीकडे. संगीत ऐकणाऱ्यांच्या हृदयाची गती वरच राहिली, आणि तरीही त्यांना अधिक उत्साही, उभारी आल्यासारखं वाटलं.

हा निकाल नीट वाचला पाहिजे. मेटल शांततेपेक्षा वरचढ ठरलं नाही. ते शांततेइतकंच कामाला आलं, पण उलट्या वाटेने: शरीर तापलेलं ठेवून. आणि हे चाहत्यांबद्दल आहे. आजोबांच्या खोलीत हा प्रयोग करू नये.

मला या सगळ्यातला कळीचा मुद्दा इथे दिसतो. आघात सोसलेल्या बऱ्याच माणसांना शांततेची वाटच बंद असते. 'डोळे मिटून शांत बस' म्हटलं की डोळ्यांपुढे पूल कोसळतो, ब्रेकचा आवाज येतो. शरीर सावध अवस्थेतून उतरायलाच तयार नसतं. अशा वेळी त्याच्याच गतीने सोबत चालणारं काहीतरी लागतं. छाती धडधडत असताना बाहेरही काहीतरी धडधडतंय, आणि ते कुठल्या लयीत धडधडतंय हे कळतंय. निदान चाहत्याला तरी.

बोलता येत नाही तेव्हा

आघातानंतर माणूस 'बोलत का नाही', ही घरातल्यांची नेहमीची तक्रार. १९९६ साली स्कॉट राउश, बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी आघाताचा त्रास असलेल्या आठ जणांना त्यांच्याच प्रसंगाचं वर्णन ऐकवलं आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. भीती व भावनांशी जोडलेले भाग पेटले आणि बोलण्याशी संबंधित ब्रोका भागातला रक्तप्रवाह मंदावला. आठच माणसं, त्यामुळे यावर मोठी इमारत बांधू नये. पण 'सांगायला गेलो की शब्दच सुचत नाहीत' ही तक्रार निव्वळ हट्ट नसते, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

गायन असलेलं गाणं आपल्याला दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट देतं. ती जुळली तर आधार वाटतो, नाही जुळली तर टोचते. वाद्यसंगीत गोष्टच देत नाही. ऐकणाऱ्याने आपलं काय ते त्यात ठेवावं, किंवा काहीच ठेवू नये. दुःख उगाळण्यासाठी तयार वाक्यंही ते पुरवत नाही. हे माझं मत आहे, पण वाजवणाऱ्यांच्या वागण्यातही ते दिसतं. २७ सप्टेंबर १९८६ रोजी 'मेटॅलिका' या बँडचा २४ वर्षांचा बेसवादक क्लिफ बर्टन स्वीडनमध्ये बस उलटून गेला. त्याच्या अंत्यविधीत वाजवली गेली ती 'ओरायन', त्याचा मोठा हात असलेली आठ मिनिटांची शब्दहीन रचना. दोन वर्षांनी मित्रांनी त्याने मागे ठेवलेल्या संगीताच्या तुकड्यांतून 'टू लिव्ह इज टू डाय' ही जवळपास दहा मिनिटांची रचना बांधली; तिच्यात बोललेल्या ओळी मोजक्याच, बाकी सगळी वाद्यं. एरवी गाणी शब्दांनी भरणारा हा बँड मित्राच्या मरणाबद्दल बोलायची वेळ आल्यावर जवळजवळ गप्प बसला.

समेवर येणं

आघात माणसाचा एक साधा विश्वास मोडतो: पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज. घाटात ट्रकचा हॉर्न वाजला की मागच्या सीटवरचा माणूस दचकतो, कारण त्याच्या शरीराच्या हिशोबात आता प्रत्येक हॉर्न 'तो' असू शकतो.

संगीत हा मुळात अंदाजाचा खेळ आहे. तबला ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वादक आडवळणाला जातो, आपण मनात मात्रा धरून बसतो, तिहाई येते आणि समेवर मान डोलते. मेटलमध्ये हाच खेळ कमालीच्या आवाजात चालतो. स्वीडनच्या 'मेशुगा' या बँडच्या रचनांत ड्रमवादकाची झांज सरळ चार मात्रांत चालते आणि गिटारची ओळ मात्र विषम लांबीची असते. दोघं एकमेकांपासून सरकत जातात, ऐकणाऱ्याचा तोल जातो, आणि ठरलेल्या जागी दोघं पुन्हा एकत्र येतात. मुंबईच्या 'द मिनर्व्हा कंडक्ट' या बँडने २०१७ साली याच नावाचा अल्बम काढला. गायक नाही, आणि गिटार व ड्रम यांचं गणित ऐकणाऱ्याची परीक्षा पाहणारं. दहाव्यांदा ऐकताना मात्र कुठे काय आदळणार हे शरीराला आधीच ठाऊक असतं. धोक्यासारखा आवाज, आणि तो कधी येणार, कधी थांबणार हे ठाऊक. शिवाय बंद करायचं बटण आपल्या हातात. मूळ प्रसंगात यातलं काहीच हातात नव्हतं.

वाजवणाऱ्याच्या बाबतीत हे आणखी खरं ठरतं, कारण तिथे आवाज स्वतःच्या हातांतून निघतो. इस्रायलमध्ये मोशे बेन्सिमोन आणि सहकाऱ्यांनी युद्धाच्या किंवा दहशतवादी हल्ल्यांच्या आघाताने त्रस्त सहा सैनिकांसोबत संगीतोपचारकाच्या देखरेखीखाली सामूहिक ड्रमवादनाचा प्रयोग केला. त्याचा अहवाल २००८ चा. त्रास काही प्रमाणात कमी झाला. रागाला वाट मिळाली, असं त्यांनीही नोंदवलं आहे, पण सोबतच्यांशी जवळीक वाटणं आणि स्वतःवरचा ताबा परत आल्यासारखं वाटणं याही गोष्टी त्यांना ठळक दिसल्या.

लोणावळ्याचा जुना प्रयोग

लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योग-मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून मोजायचं, हा त्यांचा ध्यास. श्वासाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहणाऱ्या जगातल्या पहिल्या काही जागांपैकी ही एक, आणि ती मेटलच्या जन्माआधी पंचेचाळीसएक वर्षं जुनी.

योगाचा सराव करणाऱ्यांना एक गोष्ट परिचयाची असेल. भस्त्रिकेत श्वास भात्यासारखा जोरात चालवतात, शरीर तापतं, आणि मग थांबतात. थांबल्यावर जी शांतता येते ती नुसतं बसून येणाऱ्या शांततेपेक्षा वेगळी लागते. संगीतातही असं काही होतं का? इटलीत लुचिआनो बर्नार्डी यांच्या गटाने २००६ साली २४ जणांना वेगवेगळ्या लयीचं संगीत ऐकवलं. त्यात एक भारतीय रागही होता, मेटल नव्हतं. लय वाढली तसा श्वास, रक्तदाब आणि हृदयगती वाढली. मग त्यांनी मध्येच दोन मिनिटं संगीत बंद ठेवलं. त्या दोन मिनिटांत शरीर संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही जास्त सैलावलं. भस्त्रिका आणि मेटल एकच आहेत असं कुणी म्हणू नये, कैवल्यधामच्या दारात तर नाहीच. पण आधी चढणं आणि मग थांबणं या क्रमात काहीतरी आहे, असं दोन्हीकडून दिसतं.

कधी उलटतं

संगीताने दुःख हलकं होतं तसं ते रुजवताही येतं. मनात तोच प्रसंग पुन्हापुन्हा घोळवण्याची सवय असलेला माणूस त्याच प्रसंगासाठी तेच संगीत लावत राहिला, तर संगीत त्या घोळवण्याचं इंधन होतं. किशोरवयीन मुलांच्या संगीत ऐकण्यावर काम करणाऱ्या कॅटरिना मॅकफेरन आणि सहकाऱ्यांनी यासाठी १३ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली आहे. तिच्यात कुठल्या प्रकारचं संगीत ऐकता हा मुद्दा नाही. ऐकून झाल्यावर बरं वाटतं की आणखी वाईट, आणि संगीत माणसांपासून लपण्यासाठी वापरता का, हे ती विचारते. घरातल्यांनीही गिटारवर आक्षेप घेण्याऐवजी हाच प्रश्न विचारला, तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. कुणाला ड्रमचा ठोकाच स्फोटासारखा लागत असेल, तर त्याच्यासाठी हा मार्ग नाही, विषय संपला. आणि महिना उलटून गेल्यावरही झोप उडालेली असेल, प्रसंग डोळ्यांपुढून हलत नसेल, तर इअरफोनपेक्षा डॉक्टरांची गरज आहे.

> चौकट: कान आणि मदत
> ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसतो, ही कामाच्या जागेसाठीची रूढ मर्यादा. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, १०० ला १५ मिनिटं. मोठ्या आवाजानंतर कान वाजत राहिले, तर मर्यादा ओलांडली होती. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यांनाही लागू आहे.
> मानसिक त्रासासाठी सरकारची 'टेलि मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. मराठीत बोलता येतं.

ज्यांच्या घरात बंद दारामागे हे संगीत चालतं आणि ज्यांना एकदा ऐकून पाहायचंय, त्यांनी थेट 'मेशुगा'वर उडी मारू नये. 'ओरायन'पासून सुरुवात करावी. साधारण मध्यावर सगळा दणका ओसरतो आणि क्लिफ बर्टनचा बेस एकटा, सावकाश चालू लागतो. तोवर धीर धरावा. मुलाला शेजारी बसू द्यावं, पण 'यात काय आहे' हे समजावून सांगायला लावू नये. आणि मोबाइलवर एकामागून एक गाणी आपोआप लागायची सोय आधीच बंद करून ठेवावी, म्हणजे रचना संपल्यावरची दोन मिनिटं कुणी खाणार नाही.